बासरीला पाणी कोण देतं?

स्लोव्हाकिया म्हणून एक डोंगराळ देश आहे. तिथल्या एका लहानशा शहरात एकदा एक वृद्ध विदुषी राहत होत्या. तरुणपणी त्यांनी राजधानीत संगीतशास्त्राचं अध्ययन केलं. मग वीस वर्षं टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून त्या गावोगाव हिंडल्या, मेंढपाळांची गाणी गोळा केली, जाडजूड ग्रंथ लिहिले. विद्यापीठाने मानाची जागा देऊ केली तेव्हा मात्र म्हणाल्या, "नको. मला वाद्यांच्या संग्रहालयात मुलांचा तास द्या." लोकांनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती. तिचा कपाळाला लावलेला हात तर खालीच येत नसे.

शिष्या तरुण होती. घरी दोन वर्षांचं लेकरू, आणि नोकरी कच्ची. शुक्रवारी समिती येणार होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच दिवशी ठरणार होतं. तिच्या ताब्यात संग्रहालयातली सगळ्यात जुनी फुयारा होती. फुयारा म्हणजे तिथल्या मेंढपाळांची बासरी. माणसापेक्षा उंच, आणि भोकं मात्र तीनच. समितीपुढे ती वाजवून दाखवायची होती. शिष्येने तिला पोटच्या पोरासारखं जपलं होतं. काचेचं कपाट, त्याला कुलूप, आत ओल शोषून घेणाऱ्या पुड्या, त्याही दर सोमवारी न चुकता बदललेल्या. आणि गुरुवारी सकाळी फुंकून पाहते तर काय, नुसती हवा. फुस्स.

घाबरीघुबरी होऊन तिने एका कारागिराला बोलावून आणलं. त्याने फुयारा उजेडात धरली. "केसाएवढ्या भेगा पडल्यात, बाई. तीन आठवडे तरी लागतील," म्हणाला आणि निघून गेला.

तेवढ्यात दाराशी बस थांबली. तिसरीची अठ्ठावीस मुलं उतरली.

"बाई, आज नको," शिष्या म्हणाली. "आजच्या दिवस परत पाठवा त्यांना. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"अगं, डबे घेऊन आलीत ती."

"तुम्हाला डब्यांचं पडलंय! उद्या माझी नोकरी जातेय."

"म्हणून तर म्हणते," बाई म्हणाल्या, "फुयारा मुलांसमोर आण."

शिष्येने ती आणली, पण दात-ओठ खात. वाद्य मधोमध ठेवलं आणि भोवती मुलांचा गिल्ला सुरू झाला. "हे राक्षस वाजवतात का?" "आजी, शू कुठे करायची?" "आजी, हा मला ढकलतोय!" एवढ्या मोठ्या विदुषी, पण वाद्य कोणत्या साली झालं, लाकूड कसलं, एक अक्षर सांगतील तर शपथ. ठेंगण्या स्टुलावर बसल्या आणि उलट मुलांनाच विचारू लागल्या. "तुमच्या घरी आहे का अशी? कोण वाजवतं? कधी वाजवतं?" मग काय विचारता. एकाच्या काकाच्या मेंढीची घंटा फुटली होती. आणखी एकीच्या मावशीच्या लग्नात वाजवणारा पाय घसरून पडला होता. बाई सगळं वहीत लिहून घेत होत्या. मेंढीच्या फुटक्या घंटेचंसुद्धा! शिष्येला वाटलं, ही वही घ्यावी आणि खिडकीतून भिरकावून द्यावी.

योलांका नावाची एक मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली. ती फुयाराच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "हिला पाणी कोण देतं?"

"पाणी?" शिष्येचा तोल सुटला. "बासरी आहे ती, कुंडीतलं झाड नाही. हो मागे."

"पण आमचे आजोबा देतात. गुरांच्या पाण्याच्या डोणीत बुडवून ठेवतात. नाही दिलं तर ती गप्प बसते. मग आजीला म्हणतात, तुझ्यापेक्षा ही बरी, गप्प तरी बसते."

मुलं खदाखदा हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, उठल्या, कोपऱ्यातला पाण्याचा जग उचलला, बादली ओढून फुयारा तिच्यात तिरकी धरली आणि वरून सरळ धार सोडली.

"बाई!" शिष्या किंचाळली. "दीडशे वर्षांची आहे ती! काय करताय हे!"

पाणी आतून घळघळ वाहिलं, बादलीबाहेर आलं, मुलांचे बूट भिजले. बाईंनी दुसरा जग मागितला. शिष्या रागाने रडायलाच लागली. आपल्या तीन वर्षांच्या कष्टांवर या बाईने अक्षरशः पाणी ओतलं, असं तिला वाटलं. मुलांनी निवांत डबे उघडले.

तासाभराने बाईंनी फुयारा पुसली आणि तिच्या हाती दिली. "फुंक."

तिने रडतरडतच फुंकलं. आधी घरघर झाली. मग खोल, भरदार सूर निघाला आणि दालनभर पसरला. डबे खाणारी मुलं खाता खाता थांबली.

"तुम्हाला ठाऊक होतं तर आधी का नाही सांगितलंत?" शिष्या म्हणाली.

"मला कुठे ठाऊक होतं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या वयाची असताना मी अशा सात फुयारा गावांतून आणल्या. कोरड्या जागी नीट ठेवल्या. सातही फुटल्या. का फुटल्या, ते मला आज कळलं. लाकूड भिजलं की फुगतं आणि भेगा मिटतात. मी गावात जायची, तेव्हा पाहुणी येणार म्हणून ते लोक आधीच फुयारा भिजवून, पुसून तयार ठेवायचे. माझ्या डोळ्यांसमोर कधी भिजवलीच नाही. ग्रंथात मी तिची लांबी मिलिमीटरपर्यंत लिहिली, पाणी राहून गेलं. त्यांना वाटलं, एवढी शिकलेली बाई, तिला हे काय सांगायचं! मोठी माणसं आपल्यापुढे संकोचतात, मुलं संकोचत नाहीत. तुला वाटतं मी त्यांना शिकवायला बसते. मी ऐकायला बसते गं. शंभर फालतू गोष्टी ऐकते, कारण कामाची गोष्ट कोणाच्या तोंडून येईल, हे आधी कळत नाही."

"आणि पाणी ओतून ती पुरतीच फुटली असती तर?"

"सात कोरड्या राहून फुटल्या होत्या. आठवी भिजवून पाहिली."

शुक्रवारी समितीपुढे फुयारा वाजली. अध्यक्ष खूश झाले. "दुरुस्ती कोणी केली?"

कारागिराचं नाव पुढे करता आलं असतं, कोणी विचारायला जाणार नव्हतं. "तिसरीतल्या एका मुलीने सांगितलं, काय करायचं ते," ती म्हणाली. "आणि लाकूड वाळलं होतं माझ्या पुड्यांमुळे. तीन वर्षं मीच वाळवत होते."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. निर्णय झाला तो असा: नोकरी कायम नाही, आणखी सहा महिने बघू. घरी जाताना शिष्या वाटभर चरफडली. खरं बोलून हे मिळालं!

सोमवारी नवी बस आली. एक गुबगुबीत मुलगा ढोलापाशी उभा राहून त्यांच्या बोकडाला आलेल्या शिंकेची लांबण लावत होता. मागे पंचवीस मुलं ताटकळलेली. शिष्येच्या ओठांवर "पुरे" आलं होतं. तिने ते गिळलं आणि ती त्याच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसली.

"हं," ती म्हणाली. "शिंकला. मग?"