मेंढरू खांद्यावर

रेव्हरंड दानियेल शिरसाठांनी मेंढी केवळ चित्रात पाहिली होती. तरी पाळक म्हणून आपण चर्चच्या मंडळीचे आदर्श मेंढपाळ आहोत, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आपली ही फजिती पुढे तेच हसत सांगत.

गुडघेदुखीमुळे स्थूलदेही सुवार्ताबाई महिनाभर उपासनेला आल्या नाहीत. रेव्हरंडांनी त्यांना घरी बोलावून सुनावले, “बाई, आपण हरवलेले मेंढरू आहात. मंडळीतून आपले नाव कमी करतो.”

बाई धापा टाकीत म्हणाल्या, “पाळकसाहेब, बायबलातल्या दाखल्यातला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्याला शोधायला स्वतः गेला. आपण मेंढरालाच निरोप धाडलात! असो, सापडले ना? आता त्याच्यासारखे खांद्यावर घेऊन घरी पोहोचवा.”

रेव्हरंडांनी बाईंकडे पाहिले, मग आपल्या काटकुळ्या खांद्यांकडे.

“नाव राहील, बाई. रिक्षा बोलावतो.”

“बोलवा. पण चेहरा जरा हसरा ठेवा; तो मेंढपाळ आनंदाने उचलतो!”