हळदीवर फुललेला बहावा

शके अठराशे शहात्तरच्या वैशाखातली ही गोष्ट. इंग्रजी साल एकोणीसशे चोपन्न. गिरणेच्या काठी करंजखोरे या आमच्या गावी तेव्हा पुंजाजी महाराजांचा मुक्काम होता. मारुतीच्या पाराजवळ एक वाळलेला बहावा होता, त्याच्या बुंध्याशी महाराज बसत. वीज पडल्यापासून सहा वर्षांत त्या झाडाला पान फुटलं नव्हतं. लोक म्हणत, "महाराज, सावलीचं झाड तरी निवडा!" महाराज हसून म्हणत, "सावलीच्या झाडाला सोबत पुष्कळ असते रे. याच्याजवळ कोण बसणार?"

महाराजांच्या भक्तांत एक गिरजाबाई गुरवीण होती. नवरा पटकीत गेलेला, पदरी मथी नावाची एकच लेक. पत्रावळी लावून दोघी पोट भरत. पण गिरजाबाईच्या हातांना देवाचं देणं होतं. गरिबाघरी लग्न निघालं की ती पहाटेच डोंगराकडे जायची. आंब्याच्या डहाळ्या, करंजाची कोवळी पालवी, कुड्याची पांढरी फुलं असं डोक्यावर घेऊन यायची आणि केळीच्या सोपटानं बांधून असा मांडव सजवायची, की चार बांबूंचं देऊळ व्हावं! एका वर्षी फुलंच मिळेनात, तर तिनं जोंधळ्याच्या लाह्या ओवून नवरदेवाच्या मुंडावळ्या केल्या. त्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मोगऱ्याच्या कळ्या म्हणून आम्ही पोरी त्यांचा वास घेत होतो.

मात्र मांडव सजला की ती हात धुऊन लांब गोठ्याच्या भिंतीशी जाऊन उभी राही. विधवेनं लग्नाच्या हळदीला हात लावायचा नाही, अक्षता टाकायला पुढे यायचं नाही, अशी तेव्हाची रीत. तिलाही त्यात वावगं वाटत नसे, इतकी ती रीत अंगात मुरलेली.

त्या वैशाखात खुद्द मथीचंच लग्न ठरलं. मुलगा चांगला, पण त्याचे आजोबा जुन्या वळणाचे. त्यांनी आधीच बजावलं होतं, "हुंडा नको, मानपान नको. पण मांडव हिरवा पाहिजे. वाळल्या मांडवात आमच्या नातवावर अक्षता पडायच्या नाहीत." गिरजाबाईनं हसत मान डोलावली. याहून सोपी अट तिला कोण घालणार होतं?

त्याच दिवशी, त्याच गोरज मुहूर्तावर, समोरच्या आळीत हैबतराव देशमुखांच्या मुलीचंही लग्न होतं. त्यांनी नाशिकची फुलं मागवली होती, गुलाब, निशिगंध, झेंडू. आदल्या संध्याकाळी ते गिरजाबाईच्या मांडवापुढे थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "गिरजे, मांडव म्हणायचा का वैरण गं ही?" बरोबरची माणसं हसली. "आणि लेकीवर जरा दया कर. तुझ्या हाताचा मांडव म्हणजे आधीच अपशकुन!"

गिरजाबाई एवढंच म्हणाली, "दादासाहेब, कुणी तोडली ते पालवीला कुठं कळतंय?"

लग्नाच्या दिवशी दुपारी नाशिकची फुलं घेऊन स्टेशनावरून बैलगाडी आली. गाडीवानानं पोती देशमुखांच्या ओसरीवर टाकली, बैल सोडले आणि दमून तिथंच आडवा झाला. गिरजाबाईकडच्या बायका मागच्या अंगणात मथीला न्हाऊ घालत होत्या. नवऱ्याकडून पुढे पाठवलेली उष्टी हळद नुकतीच लागली होती. त्या पुढे येऊन बघतात तो काय! दोन भुकेले बैल मांडवात उभे, आणि वर नुसते बांबू. पालवी नाही, डहाळी नाही, कुड्याचं एक फूल नाही.

हैबतराव पोट धरून हसले. "मी काय म्हटलं होतं? माझ्या बैलांनीसुद्धा वैरण ओळखली!"

डोंगर तीन कोसांवर. जाऊन येईपर्यंत मुहूर्त टळला असता, आणि चार वाजता तर वऱ्हाड वेशीशी येणार होतं. मथी तोंडात पदर कोंबून रडत होती. गिरजाबाई तशीच अनवाणी पाराकडे धावली आणि तिनं महाराजांचे पाय धरले.

"महाराज, माझ्या पोरीचं लग्न मोडतंय!"

महाराज म्हणाले, "उष्टी हळद उरली आहे ना? ती घेऊन ये. आणि तूच आण हो, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस."

गिरजाबाईचा चेहरा उतरला. "मी? मी कशी हात लावू? पोरीचं वाईट व्हायचं."

"नऊ महिने पोटात वागवलीस, तेव्हा वाईट झालं नाही. आता हळदीनं होईल होय?" महाराज म्हणाले. "जा, आण."

ती हळदीची वाटी घेऊन आली. महाराजांनी सांगितल्याप्रमाणे तिनं हळद तांब्याभर पाण्यात कालवली आणि नाम घेत बहाव्याच्या मुळाशी ओतली. मागोमाग धावलेल्या पोरांत मी होते. अहो काय सांगू! पाणी मुरतं न मुरतं तोच काळ्या फांद्यांवर हिरवे ठिपके उठले, ठिपक्यांची कोवळी पानं झाली, कळ्यांचे घोस लोंबले आणि बघता बघता सगळं झाड पिवळंधमक झालं. माणूसभर लांब फुलांच्या माळा! ओवायच्यासुद्धा नकोत, देवानंच ओवून पाठवलेल्या!

वऱ्हाड आलं तेव्हा मथीचा मांडव कोवळी पानं आणि सोन्याची झुंबरं लावून उभा होता. आजोबांनी वर पाहिलं, पागोटं सावरलं आणि म्हणाले, "असा मांडव आमच्या सात पिढ्यांत झाला नाही."

इकडे देशमुखांच्या ओसरीवर पोती उघडली गेली. कुणी शहाण्यानं फुलं ताजी राहावीत म्हणून भिजवून पोत्यात ठासून भरली होती. वैशाखाच्या उन्हात ती आतल्या आत उकडून भाजीसारखी झाली होती. हैबतरावांनी पारावर माणसं पाठवली, कोयते घेऊन. महाराज म्हणाले, "झाड गिरजेच्या हातानं फुललं आहे. तिला विचारा."

अखेर हैबतराव स्वतः तिच्या दाराशी आले. मान खाली घालून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. गिरजाबाईच म्हणाली, "दादासाहेब, तुमची पोर काय नि माझी काय. चला, मीच बांधते." तिनं पदर खोचला आणि देशमुखांचा मांडव आपल्या हातांनी सजवला. काम होताच ती सवयीनं मागे सरू लागली, तेव्हा देशमुखांच्या पत्नीनं तिचा हात धरला. "आता कुठं चाललात? मथीवर पहिली अक्षता तुम्ही टाकायची. आणि मग माझ्या पोरीवरही, तुम्ही येईपर्यंत आम्ही थांबू!"

हैबतराव पारावर गेले आणि महाराजांपुढे पालथे पडले. महाराज म्हणाले, "माझ्यापुढे नव्हे रे." तेव्हा आपल्याच भरल्या मांडवात देशमुखांनी गुरविणीपुढे मान लववली. सारं गाव बघत होतं.

महाराजांनी पुढच्याच माघात करंजखोऱ्यातच देह ठेवला. मथीचा संसार चांगला झाला. तिला चार मुली, आणि चौघींचे मांडव आजीनं सजवले. गिरजाबाई ऐंशीच्या पुढे जगल्या. पुढं बोटं वाकडी झाली, तरी बाजेवरून ओरडायच्या, "अगं, डहाळी उलटी लावलीस, पालवी खाली घे!" आणि हैबतराव? गावात गरिबाचं लग्न असलं की पहाटे त्या घरापुढे देशमुखांची गाडी उभी राही, त्यांच्याच आमराईच्या डहाळ्यांनी भरलेली. गाडी ते स्वतः हाकत. खाली उतरून, टोपी हातात घेऊन मुलीच्या आईला विचारत, "ताई, एवढ्या पुरतील ना? नाहीतर अजून तोडून आणतो."