आपोआप बंद होणारे दिवे

निवृत्त मुख्य अभियंता त्र्यंबकराव शेवडे यांच्यापुढे घरात ब्र काढायची सोय नव्हती. दिवाणखान्यात स्मार्ट बल्ब लावावेत की स्मार्ट स्विच, यावर आठवडाभर सगळ्यांना व्याख्यान देऊन शेवटी त्यांनी स्वतःच स्विच ठरवले.

स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ते बायकोला म्हणाले, "इंदू, तुला यातलं काय कळणार! आता मी खोलीतून उठून गेलो, की दिवे आपोआप बंद होतील."

इंदुमतीबाई म्हणाल्या, "त्यात नवीन ते काय? लग्न झाल्यापासून तुम्ही उठून गेलात, की दिवे आपोआपच बंद होतायत."

त्र्यंबकराव हसायला गेले, पण हसू आलं नाही. समोरच्या जुन्या बटणावर हळदीच्या बोटांचे डाग होते. त्यांत त्यांचं बोट कुठेच नव्हतं.