साळूची शंभर फडकी

"या शहरात सगळ्यात जास्त तापणारी जागा वेशीबाहेर!" राजा जगदेवाने भर दरबारात हुकूम सोडला. मग विचारलं, "कुठली आहे ती जागा?"

आधी शिक्षा, मग चौकशी. पण राजाला ते सांगणार कोण?

वैशाख होता. मेढेनगरात पाय भाजत होते. राजाला दुपारची झोप लागेना, म्हणून हे सगळं.

कारभारी त्र्यंबकपंत पुढे सरकले. "महाराज, यात शोधायचं काय? परीट आळी! दिवसभर कपड्यांच्या भट्ट्या पेटलेल्या. त्यांच्यामुळेच शहर तापतं. आळी उठवा!"

पंतांचा त्या जागेवर डोळा होता. नदीकाठ, दाट चिंचा. त्यांच्या बागेला अगदी हवी तशी.

राजवाड्याचे धुतलेले कपडे घेऊन साळू परटीण दारातच उभी होती. तिने गाठोडं खाली ठेवलं.

"महाराज, जिथं जाळ दिसतो तिथंच ताप आहे असं कुणीही म्हणेल. मोजून बघा. मोजल्याशिवाय आम्ही उठणार नाही."

"मोजलं की!" राजा म्हणाला. "राजवैद्यांना अनवाणी पाठवलं होतं. पाच गल्ल्या फिरले, पायांना फोड आले. पहिली गल्ली गार, पाचवी तापलेली."

"पहिलीत कधी गेले होते?"

"सकाळी."

"आणि पाचवीत?"

"भर दुपारी."

साळूने तोंडाला पदर लावला. "मग महाराज, वैद्यबुवांनी गल्ल्या नाही मोजल्या. दिवस मोजला!"

दरबार हसला. राजा हसला नाही. तो हट्टाला पेटला.

"मग तूच मोज! सगळं शहर एकाच वेळी. मी बुरुजावर उभा राहणार, खाली उतरणार नाही. कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणार नाही. आकाशातल्या घारीला दिसावं तसं मला वरून दिसलं पाहिजे, की जमीन कुठं किती तापलीय! चार दिवस देतो. नाही जमलं, तर परीट आळी वेशीबाहेर!"

"ताप काय डोळ्यांनी दिसतो?" पंत खुसखुसले.

"परटाला दिसतो," साळू म्हणाली आणि गाठोडं उचलून चालू लागली.

घरी सासूने कपाळावर हात मारला. "अगं, काय बोलून बसलीस! चार पिढ्यांचा घाट जाईल!"

"आत्याबाई, रडू नंतर. आधी मांजरपाटाचं ठाण काढा."

साळूने ठाण फाडलं. शंभर फडकी, सगळी एका मापाची. सगळी काव, म्हणजे तांबडी माती, लावून रंगवली. कावेचं फडकं ओलं असलं की गडद, वाळलं की फिकं. कुठलीही परटीण पलीकडच्या काठावरून पाहून सांगते, कोणतं लुगडं वाळलं आणि कोणतं नाही.

मग तिने शहराच्या शंभर जागा ठरवल्या. छपरं, चौक, अंगणं, आळ्या, एकही भाग सोडला नाही. आळीतल्या शंभर जणांना एकेक झाकलेलं मडकं दिलं, त्यात एकेक ओलं फडकं. पिळायला मात्र तिने दुसरा हात लावू दिला नाही. एकाने घट्ट पिळलं, दुसऱ्याने सैल, की सगळं मुसळ केरात! शंभरही तिनेच पिळली. मनगटं सुजली.

तिसऱ्या दिवशी सगळे तयार झाले आणि आभाळात ढग आले. साळूने सगळ्यांना माघारी बोलावलं.

"सबबी!" पंत ओरडले.

"वरून बघायचं तर मध्ये आडपडदा नको," साळू म्हणाली. "अर्ध्या शहरावर सावली, अर्ध्यावर ऊन. मग काय कळणार?"

आता एकच दिवस उरला. चौथा दिवस उजाडला तो लख्ख. पान हलत नव्हतं. दुपारी राजा बुरुजावर चढला, मागे पंत, मागे साळू. नगारा वाजला, मडक्यांतली फडकी जमिनीवर पसरली आणि सगळ्या शहरात एकदम शंभर गडद चौकोन उमटले.

राजा कठड्यावरून वाकला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक चौकोन कडेने फिका पडू लागला.

"वाळलं! ते बघा, वाळलं!" राजाने टाळी वाजवली. "कुठलं ते?"

राजाने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. ते त्याच्याच राजवाड्यापुढचं पटांगण होतं. मागच्या वर्षी आंबराई तोडून तिथं काळी फरशी घातली होती.

"तिथलं फडकं कमी भिजलं असेल!" राजा गुरगुरला.

"कमी नाही महाराज, जास्त. नगारा वाजताच पंतांच्या माणसाने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मी इथून पाहिलं आणि गप्प बसले. तरी तेच पहिलं वाळलं!"

राजाने पंतांकडे पाहिलं.

"धूळ... धूळ बसावी म्हणून हो," पंत पुटपुटले.

"आणि परीट आळी कुठाय?"

साळूने नदीकडे बोट केलं. तिथलं फडकं अजून गडदच होतं. "वर चिंचांची सावली, खाली कायम ओली जमीन. भट्टी हातभर जागा तापवते, महाराज. तुमची फरशी सगळं पटांगण तापवते."

साळूने पदर सावरला.

"हुकूम तुमचाच आहे. सगळ्यात जास्त तापणारी जागा वेशीबाहेर. राजवाड्याचं सामान वाहायला आळीतली वीस गाढवं खाली उभी केलीत. आधी काय बांधायचं? सिंहासन की पलंग?"

पंतांनी डोळे मिटले. आता हिचं डोकं उडणार!

राजा आधी लाल झाला. मग त्याचे खांदे हलले. मग तो इतका हसला, की मुकुट काढून हातात घ्यावा लागला.

"लिहा!" तो म्हणाला. "परीट आळी आणि घाट परटांकडे कायमचा, सनद साळूच्या नावाने! हे घे माझं सोन्याचं कडं. पटांगणातली फरशी उद्या उपटा, तिथं पुन्हा आंबे लावा. आणि बाई, तुझी ती गाढवं तेवढी घरी ने!"

"घरी कशाला, महाराज?" साळू सुजल्या मनगटात कडं चढवत म्हणाली. "एवढी फरशी उपटल्यावर दगड काय पंत वाहणार?"