कुंपणाची बाहेरची बाजू

खूप मागची गोष्ट. इतकी मागची, की साऱ्या पंचक्रोशीत सायकल होती ती एकच, आणि तीही वैद्यबुवांची.

त्या काळी एका गावाच्या कडेला, पाणंदीच्या तोंडाशी एक तरुण आई राहत होती. पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या काटेरी कुंपणांमधून शेतांकडे जाणारी अरुंद वाट. ती पुढं ओढा ओलांडून लांबच्या वस्तीवर जायची.

या आईला मूल एकच, नुकतं पावलं टाकू लागलेलं. काळजी मात्र दहा मुलांना पुरून उरेल एवढी. पोर झोपलं, की ते श्वास घेतंय ना, हे बघायला ती उठे. ती उठली, की तिच्या बांगड्यांनी ते जागं होई. मग ते रडे, आणि ते का रडतंय या काळजीत ती बसून राही.

"अगं बाई, त्याला जरा वाढू दे," सासू म्हणे. "रोप सारखं उपटून मुळं काय बघतेस?"

आईला ते पटायचं. हसूही यायचं. पण काळजीला पटवून देणं तिला कधी जमलं नाही.

पाऊस सरला आणि कुंपणाच्या बाभळी माजल्या. एक काटेरी फांदी अंगणात अशी झुकली, की तिचं टोक बरोबर पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर आलं. ते पाहिल्यावर आईच्या घशाखाली घास उतरेना. धनी बैल घेऊन शेतावर गेलेला. त्याची वाट न बघता तिनं स्वतःच कोयता घेतला आणि सारं कुंपण छाटून काढलं. पडलेल्या फांद्या काठीनं उचलून पलीकडे पाणंदीत लोटल्या. मग अंगण झाडलं. पुन्हा झाडलं. शेवटी गुडघ्यांवर बसून मातीवरून तळहात फिरवून पाहिला, एखादा काटा राहिला तर नाही ना.

पाणंदीत तिनं डोकावलंही नाही. यात तिचं काही कपट नव्हतं. सगळे असंच करीत आले होते. पाणंदीतून जायच्या त्या बैलगाड्या, आणि चाकाच्या लोखंडी धावेखाली काट्याचं पीठ व्हायचं. माणसांच्या पायांत जाड वहाणा असायच्या. चार दिवसांत वाट आपोआप साफ. रबराचं चाक तिथं नवं होतं, आणि वाटेच्या जुन्या सवयींना अजून त्याची खबर नव्हती.

संध्याकाळी वैद्यबुवा आले ते सायकल खांद्यावर घेऊन, काट्यांतून पाय जपत.

"सूनबाई, घोड्यावर माणूस बसतं, की माणसावर घोडा?" ते म्हणाले. "तेवढ्या काट्या ओढून वाट झाडून घ्या, बरं का. माझा घोडा पायांनी फार नाजूक आहे."

"आत्ता घेते, वैद्यबुवा."

आणि ती खरंच उठली. मोठ्या फांद्या तिनं कडेला ओढल्या. बारीक काटे राहिले होते, म्हणून केरसुणी घेऊन ती फाटकाशी आली. तेवढ्यात आत पोर शिंकलं. एकदाच शिंकलं. पण तिच्या हातातली केरसुणी खाली गेली. कपाळाला हात लावून पाहा, छातीला कान लावून पाहा, ओवा भाजून शेक दे, यात दिवेलागण झाली. 'राहिलेलं उद्या झाडू,' असं तिनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोराला भरवत होती, तेव्हा फाटकाबाहेर फुस्स असा आवाज झाला. ती बाहेर आली. वैद्यबुवा सायकलवरून उतरून चाकाशी वाकले होते. त्यांनी रबरातून एक काटा ओढून काढला. काटा हिरवा होता. त्याचं बूड कोयत्यानं ताजं कापलेलं, पांढरं दिसत होतं.

"वस्तीवर एका लेकराचा घसा धरलाय," ते म्हणाले. "श्वास आत जात नाहीये. मला बोलवायला माणूस पळत आला होता."

"बैल तर शेतावर आहेत," ती कशीबशी बोलली.

"असू द्या. चालतो मी."

त्यांनी सायकल तिच्याच कुंपणाला टेकवली, औषधाची पिशवी काखेत मारली आणि ते निघाले. उतारवयाचा माणूस. थोडं धावत, मग थांबत, गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा धावत. पाणंद वळते तिथंपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या कडेवरचं पोर तोंडातला घास चघळत होतं.

ऊन उतरल्यावर वैद्यबुवा परत आले. ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं.

"पोचलात ना वेळेवर?" तिनं विचारलं.

"मी पोचलो," ते म्हणाले. "ते थांबलं नाही."

एवढंच. पाणी पिऊन त्यांनी सायकल हातात धरली आणि ती ढकलत ते गावाकडे गेले. त्यांनी तिला बोल लावला नाही. लावला असता, तर तिला रडता तरी आलं असतं.

त्यानंतर तिला झाडायला म्हणून फाटकाबाहेर पाऊल टाकवेना. केरसुणी हातात घेतली, की तो हिरवा काटा डोळ्यांपुढं यायचा.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी तिची नजर जराशी ढळली आणि पोर फाटकाबाहेर गेलं. ती धावली. पाहते तो पोर पाणंदीत अनवाणी उभं, आणि एक अनोळखी बाई त्याच्यापुढं उकिडवी बसून मातीतले काटे वेचतेय.

"पायांत काही नाही याच्या," बाई म्हणाली. "म्हटलं, आधी हे उचलावेत."

"तुम्ही कुठल्या?"

"वस्तीवरची. वैद्यबुवा ज्याच्यासाठी निघाले होते ना, त्याची आई मी."

तरुण आईनं पोराला घट्ट धरलं. गप्प राहता आलं असतं. पण तिच्याच्यानं राहवलं नाही.

"तो काटा माझ्या कुंपणाचा होता. त्यांनी मला झाडायला सांगितलं होतं. मी अर्धं झाडलं."

"ठाऊक आहे मला."

"मग माझ्या पोरासाठी कशाला वेचताय?"

बाईनं मातीतला आणखी एक काटा वेचला.

"याला टोचलं, तर माझं परत येणार आहे का?"

ओंजळीतले काटे कुठं टाकावेत, म्हणून तिनं वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. दोन्हीकडे कुणाची तरी जागा होती. तेव्हा तरुण आईनं पोराला कडेवर सावरून दुसरा हात पुढं केला. बाईनं सारे काटे त्या तळहातावर ठेवले आणि ती वस्तीकडे चालू लागली.

पुढं ती आई आपलं अंगण झाडण्याआधी पाणंद झाडू लागली, थेट ओढ्यापर्यंत. वाट स्वच्छ झाली. वैद्यबुवांचं चाक तिथं पुन्हा कधी बसलं नाही. पण वस्तीवरच्या त्या घरात पाळणा रिकामा होता तो रिकामाच राहिला.

म्हणून लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या लेकराच्या वाटेतला काटा दुसऱ्याच्या वाटेवर टाकला, तर तो काढला असं होत नाही.