हर्डीकरांच्या खणातला मीटर

चिपळूणचे सदानंद मयेकर हौसेने रेडिओ दुरुस्त करत. एकदा घरातल्या प्लगची वीज मोजताना स्वस्तातला मल्टिमीटर हातातच फुटला आणि त्यांची दोन बोटं गेली. महिन्याभराने त्यांची बायको वत्सला तो जळका मीटर घेऊन हर्डीकरांच्या दुकानात गेली. तिथूनच तो घेतला होता.

गिऱ्हाइकांसमोर हर्डीकर हसले. "वहिनी, मीटर उत्तम आहे, माणसाला वापरता आला नाही. घरगुती हौसेला हाच पुरतो."

"मग असाच नवा घ्या आणि तुमच्या दुकानातल्या प्लगची वीज मोजून दाखवा."

हर्डीकरांनी ऐटीत नवा मीटर उचलला, तारा प्लगपाशी नेल्या आणि त्यांचा हात थबकला. तो मीटर बाजूला ठेवून त्यांनी खणातून स्वतःचा जाडजूड मीटर काढला.

वत्सला म्हणाली, "मलाही तसलाच द्या. समोर हौशी माणूस आहे की दुकानदार, हे वीज विचारत नाही."

हर्डीकरांनी मान खाली घालून तसलाच मीटर बांधून दिला. ती दुकानाची पायरी उतरते तोच मागून एक गिऱ्हाईक म्हणालं, "मला मात्र तो स्वस्तातलाच द्या."