लिंबाजीची मुकी कात्री

ऐका. आमच्या पांढरओहळ गावात अजून विजेचा खांब आला नव्हता, शाळा मारुतीच्या देवळात भरायची, आणि दाढी करायची तर गोणपाटावर उकिडवं बसून न्हाव्याच्या गुडघ्याला गुडघा लावावा लागायचा, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. मी काही ते पाहिलेलं नाही. पण माझ्या आजानं लिंबाजीच्या हातची हजामत करून घेतली होती, आणि आजा खोटं फक्त आजीशी बोलायचा.

तर लिंबाजी न्हावी. बापाची धोकटी, म्हणजे वस्तरा-कात्री ठेवायची कातडी पिशवी, त्याच्या खांद्यावर लहानपणीच आली. पण बाप म्हणाला, माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही, आधी मडकं. मडक्याला चिखल फासायचा, त्यावर मक्याच्या कणसाचे केस चिकटवायचे आणि मडक्यावर ओरखडा न उठता ते उतरवायचे. मडक्यानंतर म्हशी. गावातली एकूण एक म्हैस त्यानं भादरली. असं म्हणतात, की त्या साली म्हशी पाणी प्यायला ओहळावर गेल्या की पाणी प्यायचं विसरून स्वतःचं तोंड बघत उभ्या राहायच्या.

पुढं तो शहरात गेला. तिथं एका मोठ्या सलूनमध्ये तीन वर्षं केस झाडले, तीन वर्षं वस्तऱ्यांना धार लावली, आणि मग कुठं कात्री हातात आली. बाराव्या वर्षी परत आला तेव्हा बैलगाडीत एक बिलोरी आरसा होता, फिरती खुर्ची होती, आणि पाठीमागं बायको अनुसया त्या आरशाला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. ओहळाकाठी त्यानं छप्पर घातलं. पांढरओहळातलं ते पहिलं सलून.

त्याची पद्धत निराळी होती. गिऱ्हाईक आलं की त्याला लगेच बसवायचा नाही. म्हणायचा, त्या लिंबापर्यंत जाऊन या. माणूस चालतो कसा ते बघायचा आणि मग केस कापायचा. वाकून चालणारा खुर्चीतून उठला की ताठ चालायचा. चाळीस गावांतून माणसं यायला लागली. असं म्हणतात, की एकदा त्यानं तुळतुळीत टकलाचा भांग पाडला आणि तो माणूस म्हातारा होईस्तोवर वाऱ्यात केस सावरत राहिला.

आणि त्याची कात्री वाजायची. दोन कापांच्या मध्ये हवेत नुसतीच कच् कच् कच्. त्या तालावरच त्याचा हात चालायचा. धुणं धुणाऱ्या बाया त्या तालावर धुणं आपटायच्या.

आता तुम्हाला घरात सांगितलेलं असेलच, की रिकामी कात्री वाजवू नये, भांडण लागतं. झालं तसंच. एका उन्हाळ्यात ओहळ आटला आणि एका सकाळी त्यावरचा बांध फुटलेला सापडला. वरच्या आळीचे म्हणाले खालच्यांनी फोडला, खालचे म्हणाले वरच्यांनी. वरच्या आळीचा दौलतराव पाटील आणि खालच्या आळीचा तात्या खराडे, हे दोघं लहानपणापासूनचे मैतर. दोघांचं जावळ एकाच दिवशी लिंबाजीच्या बापानं काढलेलं. तात्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली, म्हणून पाटलाच्या आईनं दोघांना एका ताटात वाढून मोठं केलेलं. त्या दोघांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलं, आणि त्यांच्यामागं सगळ्या गावानं सोडलं.

गावाला स्वतःचा दोष दिसत नाही, हे काही नवीन नाही. कुणीतरी म्हणालं, दिवसभर रिकामी कात्री वाजते, मग दुसरं काय होणार? दोन्ही आळ्यांचं त्या वर्षात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. पारावर लिंबाजीला बोलावून सांगितलं, कात्री गप कर, नाहीतर गाव सोड.

लिंबाजीनं कात्री गप केली. पण ताल गेला आणि हात फसला. त्यातच धोंड्याचा महिना लागला, पाटलाचा जावई सासुरवाडीला आला, आणि लिंबाजीनं त्याचा कान कापला. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढा. पण जावयाचा कान तो. लोक आधी हसले आणि मग यायचे थांबले. एवढा नावाजलेला कारागीर खुर्चीत स्वतःच बसून आरशाकडं बघत राहिला. गाव सोडायचं त्यानं मनात ठरवलं होतं.

अनुसयानं त्याच्यापुढं एक मडकं आणून ठेवलं. म्हणाली, "मडक्यावरच शिकला होता ना? मग पुन्ना शिका."

चाळिशीचा गडी ओहळात जाऊन बसला. मडकं, चिखल, मक्याचे केस. समोर डबक्यात एक बगळा उभा असायचा. बगळा हलला तरी पाणी हलत नाही, हे लिंबाजीनं महिनोन्महिने पाहिलं आणि हातात उतरवलं. असं म्हणतात, की दिवाळीच्या सुमाराला त्यानं त्या बगळ्याचा तुरा कातरला आणि बगळ्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

सलून पुन्हा उघडलं. आता तिथं इतकी शांतता असायची, की माणूस आपणहून बोलायला लागायचा. आरशाला सांगितल्यासारखं सगळं सांगायचा. लिंबाजी ऐकायचा आणि केसांबरोबर झाडून टाकायचा. न्हाव्याच्या तोंडाला कुलूप नसतं म्हणतात ना? ते इतर न्हाव्यांचं.

पौषात पाटलाची आई गेली. खालच्या आळीतून कुणी आलं नाही. दहाव्या दिवशी लिंबाजीनं ओहळाकाठी पाटलाचं मुंडण केलं. पाटील डोळे मिटून म्हणाला, तिरडीची डावी बाजू मी घटकाभर मोकळी ठेवली होती. कुणासाठी ते बोलला नाही. त्याच दिवशी दुपारी तात्या खराडे सलूनमध्ये आला. म्हणाला, उष्णता झालीय, गोटा कर. पौषात उष्णता. लिंबाजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वस्तरा लावला. तात्यानं वर पटका बांधला आणि तो पुढं कधी चारचौघांत काढला नाही.

ही गोष्ट लिंबाजीनं अनुसयालासुद्धा सांगितली नाही. मात्र सुताराकडून दुसरी खुर्ची करून घेतली आणि पहिलीच्या शेजारी मांडली.

गुढीपाडव्याला सकाळी सकाळी त्यानं दोघांनाही निरोप धाडला. सणाचं न्हाव्याचं बोलावणं मोडत नाहीत. पाटील आला, पटका खुंटीला लावला, खुर्चीत रेलला. लिंबाजीनं शहरातल्यासारखा गरम टॉवेल त्याच्या डोळ्यांवर टाकला आणि दाढीला हात घातला. मग तात्या दारात आला. शेजारी कुणीतरी टॉवेलखाली आहे एवढंच त्याला दिसलं. टॉवेलखालच्याला काय दिसणार, म्हणून त्यानंही पटका काढून खुंटीला लावला आणि बसला, त्याच्याही डोळ्यांवर टॉवेल आला. लिंबाजीची पावलं वाजली नाहीत, वस्तरा वाजला नाही. बगळ्याला कळलं नव्हतं, तिथं ह्या दोघांना काय कळणार?

दोघांचा डावा गाल झाला, उजवा राहिला. तेव्हा त्यानं दोन्ही टॉवेल एकदम उचलले.

आरसा एकच होता. त्यात दोघं. पाटील रागानं उठायला गेला, पण अर्ध्या दाढीनं जाणार कुठं? बाहेर सूर्य वर येत होता, दोन्ही घरच्या गुढ्या मालकावाचून खोळंबल्या होत्या. ह्या दोघांपैकी एकानं जरी मनात आणलं असतं, तरी लिंबाजीची खुर्ची, आरसा आणि तो स्वतः संध्याकाळच्या आत गावाबाहेर गेला असता. तरी तो हात जोडून म्हणाला, "पाटील, तात्या, माज्या कात्रीनं भांडाण लागलं म्हनला. वरीस झालं, कात्री मुकी हाय. मग भांडाण का बोलतंय?"

पाटील आरशात बघत होता. आधी स्वतःच्या डोक्याकडं, मग शेजारच्या. पौषापासून वाढलेले त्याचे केस दोन बोटं झाले होते. तात्याचेही दोन बोटंच होते. केसभरही फरक नव्हता.

"तात्या," पाटील म्हणाला, "डोकं कवा केलंस?"

"दहाव्याला."

"का रं?"

तात्यानं खुंटीवरच्या पटक्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "माजीबी आई व्हती."

पाटलानं खुर्चीतूनच हात लांब केला आणि तात्याच्या डोक्यावर ठेवला. दोघं रडले. साबणाच्या फेसासकट रडले, आणि लिंबाजीही रडला. मग त्यानं कात्री उचलली, आणि वर्षभरानं पहिल्यांदा ती हवेत रिकामी वाजवली. कच् कच् कच्. असं म्हणतात, की तो आवाज दोन्ही आळ्यांत शेवटच्या घरापर्यंत गेला, आणि पाडव्याच्या दुपारी कोरड्या ओहळाला पाणी आलं. पाण्याचं मी शपथेवर सांगत नाही. बांध मात्र दोन्ही आळ्यांनी मिळून बांधला, तो आजही आहे.

लिंबाजीला जाऊन किती वर्षं झाली ते आता कुणाला माहीत नाही. गावात आज पाच सलून आहेत. पोरं मोबाईलवर फोटो दाखवून केस कापून घेतात. पण पाचही सलूनमध्ये पाडव्याच्या सकाळी पहिल्या दोन खुर्च्या राखून ठेवतात, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांसाठी. अर्धी दाढी झाली की कारागीर हात धुऊन बाहेर जाऊन बसतो. आत बोलणं झालं, की मग येऊन कात्री वाजवतो. दुसऱ्या गावांत पोरानं रिकामी कात्री वाजवली तर आई धपाटा घालते. आमच्याकडं म्हाताऱ्या म्हणतात, वाजव रे बाबा, लिंबाजीच्या नावानं वाजव.

गेल्या पाडव्याला डावीकडच्या खुर्चीत मी होतो. उजवीकडं माझा धाकटा भाऊ होता, नऊ वर्षांनी. हा आत्ता आत तुमच्यासाठी चहा टाकतोय ना, तोच.